साइज आठ

मी फक्त टोप्या शिवते.
बाह्या पद्माक्काकडे, चेन लिंगेशकडे,
कमरेचं इलॅस्टिक कोपऱ्यातल्या त्या नव्या मुलीकडे
जिचं नाव अजून कुणी नीट विचारलेलं नाही.
अक्कलकोट रोडच्या शेडचा पत्रा अकरालाच तापतो
आणि आम्ही अठराजण
कुठल्याशा थंड गावातल्या पोरांसाठी
वारा अडवत बसतो.

विंडचीटर. लिंगेश सांगतो, म्हणजे वाऱ्याला चकवणारं.
पद्माक्का मान वर न करता म्हणते,
चकवायला आधी तो यायला पाहिजे की ओ.

कापड कागदासारखं वाजतं, मासोळीसारखं निसटतं.
टाचणी लावायची नाही, भोक राहतं.
म्हणून वाळत घालायचे चिमटे लावून ठेवतो कडेकडेनं.
सुई बारीक, टाका लांब,
आणि हात असा, की झोपलेल्या पोराखालून
आपला दंड काढून घ्यायचाय.
टॉवेलचं बरं होतं.
उसवा, परत शिवा, एकदा पाण्यातनं काढा,
टॉवेल विसरून जातो.
हे विसरत नाही.
उसवल्या जागी ठिपक्यांची रांग राहते,
चेकिंगची मल्लवा ती दिव्यासमोर धरते:
"अक्का, उजेड दिसायलाय की."

पोपटी, राणी, लिंबू, मोरपंखी,
आणि एक नारिंगी असा
की डोळे मिटले तरी जात नाही.
अम्मा विड्या वळायची.
तिच्या सुपात एकच रंग होता, पानाचा,
बोटांनाही तोच, भाताच्या घासालाही तोच.
माझ्या बोटांना काही लागत नाही.
केसांत तेवढे धाग्याचे तुकडे येतात घरी,
श्रावंती वेचते, ताटाच्या कडेला मांडते,
"आज राणीची ऑर्डर होती ना?"

भिंतीवर मापांचा तक्ता आहे.
दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा.
मी लागले तेव्हा माझी पोर साइज दोन होती.
टोपी कापून आली की
मनातल्या मनात तिच्या डोक्यावर घालून बघायची मी,
कपाळ झाकतं का, कानाला काचतं का.
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यातून उतरेना म्हणून रडली, ते सहाचं वर्ष.
दोन दात एकदम पडले, ते आठ आधी की नंतर, आठवत नाही.
यंदा ती तक्त्याच्या बाहेर गेली.
मापं तिथंच आहेत.
आता कुणाच्या डोक्यावर घालून बघू?

गेल्या महिन्यात एक पीस परत आला.
दोन बंडलं मिसळली होती,
डावी बाही पोपटी, उजवी राणी.
टोपी माझी. टोपी बरोबर होती.
मास्तर म्हणाले, न्यायचं तर न्या, पन्नास कापतो.
घेतलं.
श्रावंती हसत सुटली, "अम्मा, हातच जाईना की आत!"
मग ते दारामागच्या खिळ्याला राहिलं,
पाव्हण्यांना वाटायचं, घरात अजून एक लहान आहे.

काल त्रेचाळीस होतं. लाइट गेलेली.
विडी घरकुलातलं अख्खं गाव गच्चीवर,
कुणी पुठ्ठ्यानं वारा घेतंय, कुणी झाकणानं.
पोरीनं ते धुऊन तारेवर टांगलं होतं,
चेन गळ्यापर्यंत लावून.
नऊच्या सुमाराला कुठूनशी झुळूक आली, धुळीची, कोमट.
आधी पोपटी बाही हलली.
मग पोट भरलं.
मग टोपी उभी राहिली,
गोल, साइज आठ,
अकरा वर्षांत पहिल्यांदा
माझ्या टोपीत डोकं आलेलं मी बघत होते.

"बघ," श्रावंती म्हणाली, "वाऱ्यानंच घातलं."

मी उठून जवळ गेले.
मागच्या मधल्या शिवणीवरून बोट फिरवलं,
मानेपासून कपाळापर्यंत.
कुठं ओढत नव्हती.